उकळत्या दुधातला गूळ

यंदा साखर मिळेनाशी झाली आणि सगळ्यांना एकदम गुळाचा पुळका आला. लढाई कुठल्या कुठं चालली आहे, पण वाशीमच्या वाण्याकडे साखर मागायला जावं तर तो असा बघतो, जणू आपण त्याची मुलगीच मागितली. परवा शेजारचे वकीलसाहेब आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "साखर नाही तेच बरं आहे. पूर्वी राळ्याची खीर व्हायची. घरचं दूध, घरचा गूळ. ती चव आताच्या बायकांच्या हाताला नाही. पूर्वीच्या बायका तोंडातून शब्द न काढता राबायच्या, म्हणून त्यांच्या हाताला गोडी होती." माझे यजमान शाळामास्तर. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं हा त्यांचा जन्माचा धंदा आहे.

मी आत इंझोरीहून आलेले राळे पाखडत होते. भावाने नव्या राळ्याची पिशवी धाडली होती. मी सूप खाली ठेवलं. बाहेर जाऊन वकिलांना दोन शब्द सुनवावे असं फार वाटलं, पण वकिलाशी भांडणात जिंकलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहायला बसले. तोंडातून शब्द न काढता केलेली खीर कशी लागते ते मला चांगलं माहीत आहे. मी ती खाल्ली आहे, इंझोरीला, लहानपणी, आश्विनात.

आश्विनाचे ते दिवस खरोखर सुंदर असायचे, त्यात खोटं काही नाही. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कपाशीची पहिली बोंडं तडकलेली, आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने राळ्याची पिवळी कणसं मान टाकून उभी. चिमण्या त्यांच्यावर अशा तुटून पडायच्या की आम्ही मुली दिवसभर डबे वाजवून घसा बसवून घ्यायचो. संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी. कणसं घरी आली की अंगणात शेणाने सारवलेल्या जागेवर वाळत पडायची. त्यांचा वास कोरडा, थोडा गवताचा, थोडा भाजल्यासारखा. नवं खाण्याचा दिवस कोजागिरीचा. त्या दुपारी नव्या राळ्याची खीर होऊन देवाला दाखवल्याशिवाय आमच्या घरात कुणी नवा दाणा तोंडात घालायचं नाही.

राळा हे धान्य मोठं मिजासखोर. दाणा मोहरीएवढा, पण त्याचं टरफल असं चिवट की उखळात कांडता कांडता खांदे भरून येतात. कांडायचं, पाखडायचं, पुन्हा कांडायचं. एवढं करून एखादं तूस राहिलंच तर खिरीत घशाला टोचतं आणि खाणारा माणूस म्हणतो, लक्ष कुठं होतं. हे सगळं काम आमच्या घरी गिरजामावशी करायची.

गिरजामावशी माझ्या आईची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, आणि सासरच्यांनी तिला पांढऱ्या पायाची म्हणून काढून दिलं. माहेरी आईबाप उरले नव्हते. म्हणून ती आमच्याकडे, म्हणजे धाकट्या बहिणीच्या सासरी येऊन राहिली होती. गावात पुष्कळ घरी विधवा बायका पाट लावत आणि सुखाने नांदत. पण आमच्या कुळीत पाट लावत नाहीत, असा मोठेबांचा तोरा होता. मोठेबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. त्यांनी मावशीला राहू दिलं, पण एका अटीवर. सणावाराच्या दिवशी तिने चुलीजवळ यायचं नाही आणि नैवेद्याला शिवायचं नाही. शिवली तर त्या दिवशी तिचं या घरातलं पाणी तुटलं.

म्हणजे बघा, राळे तिने कांडायचे, पाखडायचे, निवडायचे, म्हशीची धार तिने काढायची, जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या तिने मोडायच्या. तोवर तिचा विटाळ कुणाला होत नव्हता. दूध चुलीवर चढलं की मात्र ती अपशकुनी. मला तेव्हा याचं कोडं पडायचं. आता कोडं वगैरे काही वाटत नाही, नुसता संताप येतो. काम करून घ्यायला जो हात चालतो, तो नैवेद्याच्या वेळी का चालत नाही, हे अजून मला कुणा शास्त्रीबुवाने पटेल असं सांगितलेलं नाही.

मावशीला स्वतःला मात्र त्याचं काही वाटत नसावं असं ती दाखवायची. कांडताना ती मला उखळाशेजारी बसवून घ्यायची. मुसळ खाली आलं की "हं" म्हणायची आणि मी हाताने राळे सारून घ्यायचे. तिचा "हं" चुकला तर माझी बोटं गेली असती. तो कधी चुकला नाही. पाखडताना ती तोंड वाऱ्याकडे करायची आणि तरीही तिच्या भुवया पिवळ्या व्हायच्या. निवडलेले राळे परातीत पडले की त्यात ती हात बुडवून नुसती बसायची. "पाह्य, कसे गार लागते," म्हणायची. खीर तिच्या वाट्याला शेवटी यायची, गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला चिकटलेली, खरवडून घेतलेली. ती म्हणायची, खरवडच गोड लागते. लागत असेल.

आता गुळाचं सांगते, कारण सगळं त्या गुळापाशीच अडलं.

दूध तापवून त्यात तुपावर परतलेले राळे शिजवायचे. ते मऊ झाले की गंज चुलीवरून खाली उतरवायचा, दूध कोमट होऊ द्यायचं आणि मग गूळ घालायचा. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं. हे गुपित नाही. चुलीजवळ चार दिवस बसलेल्या कोणत्याही पोरीला हे ठाऊक असतं. आत्तासुद्धा लिहिता लिहिता सून विचारून गेली, "आई, गूळ केव्हा टाकू?" मी म्हटलं, "उतरवल्यावर. आणि आधी बोट लावून बघ." संपलं. एवढंच ते ज्ञान.

पण आमच्या घरात नव्याच्या खिरीत गूळ टाकण्याचा मान कर्त्या पुरुषाचा होता. वर्षातून त्या एका दिवशी मोठेबा आंघोळ करून, सोवळं नेसून, हातात गुळाचा खडा घेऊन चुलीपाशी यायचे, खडा गंजात सोडायचे, पळीने एकदा ढवळायचे आणि हात जोडून बाहेर जायचे. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, दरसाल आधी गंज उतरवायची आणि मगच त्यांना बोलावणं धाडायची. मोठेबांना वाटायचं की खीर त्यांच्या हाताने गोड होते. मोठ्या आईनेही त्यांना दरसाल तसंच वाटू दिलं.

त्या वर्षी नेमकी मोठी आई बाहेरची होऊन गोठ्याकडच्या खोलीत बसली होती. खीर माझ्या आईकडे आली. आणि माझी आई म्हणजे मोठेबांच्या धाकट्या भावाची बायको. आमच्याकडे सून भासऱ्यापुढं तोंड उघडत नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ समोर आला की पदर नाकापर्यंत ओढायचा, भिंतीकडे तोंड करायचं आणि तो जाईपर्यंत तसंच उभं राहायचं. लग्न होऊन आईला तीन मुलं झाली होती, पण तिचा आवाज कसा आहे हे मोठेबांना माहीत नव्हतं. ते तिच्याशी बोलायचे ते आम्हा पोरांच्या तोंडून. "तुह्या मायले सांग, पानी ठेव." आई दोन हातांवर उभी असायची, तरी असं.

ओसरीवर रिसोडचे सोयरे आले होते, मोठेबांच्या मुलीचं जमवायला. त्यांच्यापुढं मोठेबांना मोठा थाट दाखवायचा होता. पानं मांडून झाली, आणि खीर अजून चुलीवर होती. राळे शिजत आले होते, दूध खदखदा उकळत होतं, आई फडकं हातात घेऊन गंज उतरवायला वाकली, आणि दारात मोठेबा उभे. बोलावण्याची वाट न पाहता आलेले. आईच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं. पदर ओढून ती भिंतीकडे वळली.

मी चुलीजवळ होते. आईने भिंतीकडूनच माझ्याकडे हात हलवला. मला कळलं. मी म्हटलं, "मोठेबा, माय म्हनते थांबा."

"तुह्या मायले सांग, सोयरे पानावर बसून राह्यले," ते म्हणाले, आणि गुळाचा खडा उकळीत सोडला. पळी फिरवली. हात जोडले. बाहेर गेले.

आम्ही दोघी बघत राहिलो. आधी काही झालं नाही. मग कडेने पिवळं पाणी सुटलं आणि पांढऱ्या गुठळ्या वर आल्या. आईने गंज उतरवला, पण आता उतरवून काय उपयोग. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. भांड्याला दोष द्यावा तर कारंज्याचा कल्हईवाला नुकताच येऊन गंज लख्ख करून गेला होता, आणि त्याचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. तो पुढच्या खेपेला अंगणात उभा राहून चार माणसांत चोख जबाब देऊन गेला असता. दोष अशालाच द्यायचा असतो की जो जबाब देणार नाही.

नैवेद्याची वाटी का येत नाही म्हणून मोठेबा पुन्हा आले, आणि गंजात बघून त्यांचं तोंड काळं पडलं. सणाच्या दिवशी दूध नासणं म्हणजे घरात विटाळ शिरला. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "विचार तुह्या मायले, बाहेरची होऊन चुलीपाशी तं नाई बसली?"

आई भिंतीकडे तोंड करून उभी. असा आळ एकदा आला की तो धुवून जात नाही. नैवेद्य बाटवणारी सून म्हणून तिला घरातून काढलं असतं, तर तिलाही माहेर नव्हतं आणि पाठीशी आम्ही तिघं. मी ओरडूनच बोलले, "तुमीच उकळीत गूळ टाकला, मोठेबा. मायनं थांबा म्हनलं होतं."

त्यांनी माझ्या कानशिलात दिली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी त्या दिवशी पाहिल्या. ओसरीवर माझे वडील सोयऱ्यांच्या शेजारी बसले होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. ते उठले नाहीत.

मागच्या दारातून आवाज आला. "तिले नोका विचारू. मी शिवली. जाळ साराले आली होती, माहा पदर लागला गंजाले."

गिरजामावशी. ती सकाळपासून चुलीकडे फिरकली नव्हती. विहिरीवर धुणं धूत होती, पदर ओला होता, आणि त्या ओल्या पदराने ती म्हणत होती की मी चुलीतला जाळ सारला. कुणी क्षणभर विचार केला असता तरी कळलं असतं. विचार कशाला करतील. हवं ते उत्तर मिळालं होतं.

"सांगतलं होतं का नाई," मोठेबा म्हणाले. मग ओसरीकडे तोंड करून माझ्या वडिलांना म्हणाले, "धनजची गाडी आज जाऊन राह्यली. हिले लावून दे."

धनजला मावशीचा कुणी लांबचा चुलत दीर होता. तिथं तिला कोण ओळखणार आणि काय म्हणून ठेवणार, हे कुणी विचारलं नाही. तिचं सामान ते काय, एक लुगडं आणि एक तांब्या. जाताना तिने आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "तू तोंड नको उघडू. तुले लेकरं हायेत." मग माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "लय झोंबलं काय व?" आणि गेली. मला अजून तिच्या त्या खोटेपणाचा राग येतो. आणि तिच्यासारखं खोटं बोलणारं माणूस मला आयुष्यात पुन्हा भेटलं नाही, याचंही वाईट वाटतं.

खिरीचं काय झालं विचाराल. टाकली असेल असं वाटेल तुम्हाला. देवासाठी गुळाखोबऱ्याची वाटी काढली, आणि ती फाटलेली खीर पाणी निथळून, वेलची घालून, सोयऱ्यांच्या पानावर गेली. मोठेबा म्हणाले, "खरवसासारखी लागते." सोयऱ्यांनी मागून मागून खाल्ली. आम्हा पोरांनाही दिली. मला भूक होती, मी खाल्ली. गोड होती. विटाळलेलं दूध सगळ्यांच्या पोटात गेलं आणि कुणाच्या पोटात दुखलं नाही. नासकं दूध त्या घरात टाकवलं नाही, माणूस टाकवलं.

रात्रीची भांडी घासायच्या आधी मोठी आई गोठ्याच्या दारातून आईला म्हणाली, "मी असती तं गंज आधीच उतरवला असता. ह्यायले कोनं सांगावं." म्हणजे तिलाही ठाऊक होतं. घरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. आणि ज्याला ठाऊक नव्हतं, त्याच्या हातात गूळ आणि घर दोन्ही होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. वकीलसाहेबांना यात गोडी दिसते.

त्यानंतरचं वर्ष आईने कसं काढलं देव जाणे. राळे तीच कांडायची आता. मला उखळाजवळ बसू द्यायची नाही. तिला "हं" म्हणायचं भान राहायचं नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आखाडात पेरण्या झाल्या, पुन्हा धुऱ्यावर कणसं पिवळी पडली. कोजागिरी आली. मोठी आई यंदा चुलीपाशी होती, आई तिच्या हाताखाली. गंज उतरवून ठेवला होता, सगळं रीतीप्रमाणे. मोठेबा गूळ घेऊन आले. आई भिंतीकडे वळली नाही.

त्यांना काय म्हणून हाक मारायची हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून ती आम्हा पोरांसारखंच म्हणाली, "मोठेबा, थांबा."

मोठ्या आईच्या हातून पळी पडली.

"मागच्या साली तुमच्याच हातानं नासली. माही बहीण शिवली नोती. तिले घेऊन या."

आवाज मोठा नव्हता. पण पदर मागे होता आणि तोंड उघडं होतं. मोठेबा गुळाचा खडा तिथंच सुपात ठेवून बाहेर निघून गेले. आईने तो खडा उचलून गंजात टाकला आणि ढवळला. खीर उत्तम झाली. आभाळ काही कोसळलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांनी दमणी जुंपली. त्यांनाही वर्षभर काहीतरी टोचत असावं. मी हट्टाने गाडीत बसले. धनजला मावशी एका गोठ्याच्या बाजूला बसून कापूस सोलत होती. बारीक झाली होती. मला जवळ घेतलं, गालाला हात लावला. वडील म्हणाले, "बाई, चाला घरी. न्यायले आलो."

"तुमच्या भावानं बोलावलं काय?" तिने विचारलं.

"मी आलो ना."

"तुमी तं तवाबी होते."

ती कापूस सोलत राहिली. मग म्हणाली, "ज्यानं काढलं त्याच्या तोंडून एक डाव येऊ द्या. मंग येतो. सरूले सांगा, तिनं म्हनलं थे मले पोचलं." सरू म्हणजे माझी आई. परतीच्या वाटेवर वडील एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याची मला त्या दिवशी इतकी चीड आली की मी गाडीतून उतरून मागून चालत आले.

मोठेबा पुढं पुष्कळ जगले. आईने एकदा तोंड उघडल्यावर ती बंदी मोडलीच होती, मग तेही तिच्याशी सरळ बोलायला लागले. त्यांना ते सोयीचं पडलं. ताक आंबट झालं म्हणायचे, गुडघ्याला लावायला तेल गरम कर म्हणायचे. मोठी आई गेल्यावर तर घरात त्यांना बोलायला आईशिवाय कुणी नव्हतं. बैलाचं बोलले, पावसाचं बोलले, मुलीच्या सासरचं बोलले, म्हातारपणाचं बोलून बोलून डोळ्यांत पाणी आणलं. आई ऐकून घ्यायची आणि प्रत्येक वेळी वाट बघायची, की आता मावशीला घेऊन या म्हणतील. ते एवढं वाक्य कधी म्हणाले नाहीत.

मावशी शेवटी धनजलाच वारली. निरोप घेऊन गाडीवाला आला तेव्हा मी माहेरपणाला आलेली होते, आणि आई मोठेबांना जेवायला वाढत होती. गाडीवाल्याचं ऐकून मोठेबांनी घास हातातच धरला. मग म्हणाले, "राळे मस्त कांडत होती बिचारी." आणि घास तोंडात घालून वाटी पुढे केली. "थोडी कढी वाढ."

आईने कढीचं भांडं त्यांच्या पानाशेजारी ठेवलं. "घ्या आपल्या हातानं," म्हणाली, आणि उठून गेली.